बग्गीच्या पुढच्या चाकाचं बेरिंग गेलंय : पूर्ण हब बदलावा लागेल का?

आमराईवाला (देवगड)

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या बागेत पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची वाट जांभ्याची आणि चढाची, म्हणून गोल्फ कोर्सवरून निघालेली बॅटरीवरची एक बग्गी घेतली. एरवी पाहुणे आणि त्यांच्या बॅगा, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या. गाडी अमेरिकन बनावटीची आहे, पण पुढचा बिल्ला गेलाय आणि चासी नंबरची पट्टी गंजून वाचता येत नाही. त्यामुळे मॉडेल आणि साल सांगता येत नाही.

गेले काही दिवस पुढून घरघर येते. सरळ जाताना कमी, डावीकडे वळलं की वाढते, उजवीकडे वळलं की जवळजवळ थांबते. उजवं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर चांगलाच प्ले (ढिलेपणा) लागतो.

गावातल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, पूर्ण हबच (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बदला, तो मुंबईहून मागवावा लागेल, महिना तरी जाईल. ऐन हंगामात महिनाभर गाडी उभी ठेवणं शक्य नाही. हब तसाच ठेवून फक्त बेरिंग बदलता येईल का? मॉडेल माहीत नसताना बेरिंगचा नंबर कसा काढायचा? पाने, जॅक, हातोडी, व्हर्नियर एवढं घरी आहे.

नाना_फिटर (चिंचवड)

आमराईवाले, हब बदलायची बहुतेक गरज नाही. मी बेरिंगच्या कारखान्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर येतं. आवाज तेव्हा वाढतो म्हणजे दुखणं उजव्या बाजूचं, हे तुम्ही बरोबर हेरलंत. खात्री करायची असेल तर चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच बाजूच्या पाट्यावर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) टेकवा. कानाला ऐकू येण्याआधी खरखर बोटांना लागते. मग दुसऱ्या बाजूचं चाक तसंच फिरवून बघा, फरक लगेच कळेल.

अशा गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये बहुतेक वेळा दोन टेपर रोलर बेरिंगं असतात, एक आतल्या बाजूला आणि एक नटाच्या बाजूला. चाकावर नुसतं वरून वजन येत नाही, वळताना बाजूनेही रेटा येतो. तिरक्या बसवलेल्या रोलरना दोन्ही झेपतं. सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ साली याचं पेटंट घेतलं ते नेमकं वळणावरच्या या बाजूच्या रेट्यासाठी. तुमच्या बग्गीत आजही तेच तत्त्व आहे.

नंबरची काळजी नको. तो बेरिंगवरच कोरलेला असतो. रोलरसकट आतल्या भागाला कोन म्हणतात, त्याचा नंबर वेगळा. हबमध्ये घट्ट बसलेल्या बाहेरच्या कडीला कप म्हणतात, तिचा वेगळा. दोन्ही वाचून इथे टाका, गाडीचं मॉडेल माहीत नसलं तरी चालेल.

स्पॅनर_सातारा

नाना, एक शंका. प्ले आहे म्हणजे बेरिंगच गेलंय असं कशावरून? माझ्याकडे कॉलेजच्या आवारातल्या तीन बग्ग्या दुरुस्तीला येतात. त्यातल्या निम्म्या वेळा किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचा, बुश खाल्लेला असतो आणि लोक बेरिंग बदलून पैसे घालवतात.

आमराईवाले, चाक वर-खाली हलवताना दुसऱ्या कुणाला तरी मागून टॉर्च धरून बघायला सांगा. स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) जागेवर आहे आणि हबच हलतोय तर बेरिंग. स्पिंडलसकट सगळंच हलतंय तर किंगपिन. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावरच प्ले लागत असेल तर आधी टाय रॉडचे (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचे) एंड बघा.

नाना_फिटर (चिंचवड)

सातारकर, अगदी मोलाचं सांगितलंत. ही तपासणी आधीच व्हायला हवी. प्ले किंगपिनचा असेल तर नवं बेरिंग घालूनही तो तसाच राहणार.

आमराईवाला (देवगड)

पुतण्याला टॉर्च देऊन बघितलं. स्पिंडल जागेवर स्थिर, हबच हलतोय. किंगपिनला अगदी किंचित प्ले आहे, पण तो वेगळा कळतो. पाट्यावर बोटं ठेवून खरखरही जाणवली, डाव्या बाजूला नाही.

उद्या सकाळी खोलतो. काय काय सांभाळू?

नाना_फिटर (चिंचवड)

तुमची जागा चढाची आहे म्हणून आधी सुरक्षेचं. गाडी सपाट जागी घ्या, चावी काढा, हँडब्रेक लावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. सीटखाली रन-टो (चालवणं की ओढून नेणं) असा खटका असेल तर तो टोवर टाकून मगच बॅटरीचं मुख्य कनेक्शन सोडा. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. बऱ्याच बग्ग्यांमध्ये गाडी उतारावर घरंगळू लागली तर मोटर तिला अडवते. खटका टोवर गेला की ती अडवणूक संपते. म्हणून दगड आधी आणि खटका नंतर. ब्रेकही बहुतेक फक्त मागच्या चाकांनाच असतात.

आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतील तर त्यांचंच वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. नुसत्या जॅकवर काम करू नका, अ‍ॅक्सलखाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा घ्या.

मग चाक काढा, हबची टोपी पेचकसाने सगळ्या बाजूंनी थोडी थोडी उचकटा, स्प्लिट पिन काढा, नट आणि वॉशर काढा. हब जरा पुढे ओढला की बाहेरचं बेरिंग हातात येईल. ते पडू देऊ नका. आतलं बेरिंग ऑइल सीलच्या मागे असतं, सील उचकटून काढावं लागेल. ते परत वापरायचं नाही, पण त्याची आतली, बाहेरची आणि रुंदीची मापं घेऊन ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काहीही पुसायच्या आधी फोटो काढा. जुनं ग्रीस कोणत्या रंगाचं आहे, पातळ की घट्ट, पाणी दिसतंय का, कप आणि रोलरवर डाग कसे आहेत. बेरिंग का गेलं हे त्यातून कळतं. कारण तसंच राहिलं तर नवं बेरिंगही त्याच वाटेने जाणार.

मृणाल_जीए (जॉर्जिया, अमेरिका)

मी पीचट्री सिटीत राहते. इथे कार्टसाठी, म्हणजे अशा बग्ग्यांसाठी, शंभर मैलांहून जास्त लांबीच्या वेगळ्या वाटा आहेत. बाजारहाट, ग्रंथालय, मुलांची शाळा, सगळं कार्टने चालतं, त्यामुळे घरोघरी हे काम निघतंच. कार्ट बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्याही याच राज्यातल्या ऑगस्टा भागातल्या आहेत.

नानांच्या सांगण्यात एक भर. काही नव्या गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये टेपर रोलर नसतात, बंद बॉल बेरिंगं दाबून बसवलेली असतात. त्यांना ग्रीस भरायचं नसतं, नट सैल-घट्ट करून प्लेही जुळवायचा नसतो. ती प्रेसवर काढून नवी बसवायची आणि नट कंपनीच्या टॉर्कला आवळायचा. म्हणून टोपी काढल्यावर आत काय आहे ते आधी बघा. खाचांचा नट आणि त्यात स्प्लिट पिन दिसली तर बहुधा टेपर रोलर. बंद बेरिंग असेल तर नाना पुढे जे जुळवणीचं सांगतील ते तुम्हाला लागू नाही.

एक विचारते, गाडी धुता कशाने?

आमराईवाला (देवगड)

खोललं. टेपर रोलरच आहेत.

हबची टोपीच नव्हती! कधी पडली कोण जाणे, तिथे नुसता लाल चिखल वाळून बसला होता. आतलं ग्रीस चहात दूध घालावं तशा रंगाचं आणि पातळ झालंय. बाहेरच्या बेरिंगच्या कपवर, रोलर जिथे टेकतात तिथे, समान अंतरावर काळपट आडव्या रेघा आहेत. एका ठिकाणी पृष्ठभागाचा पापुद्रा निघालाय, नख अडकतं. आतलं बेरिंग त्यामानाने बरं आहे, पण त्याच्या रोलरवरही डाग आहेत.

नंबर दोन्हींचे सारखेच : कोन एलएम ११९४९, कप एलएम ११९१०.

मृणालताई, गाडी प्रेशर पंपाने धुतो, आंब्याच्या फवारणीच्याच.

नाना_फिटर (चिंचवड)

तुमच्या वर्णनावरून स्पष्ट आहे, पाण्याने गेलं. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी मिसळलेलं ग्रीस. गाडी धुवून रात्रभर उभी राहिली की पाणी रोलर आणि कपच्या सांध्यात साठतं आणि तिथेच गंज धरतो. म्हणून रेघा रोलरच्या अंतराने पडल्या. पुढे गाडी चालली की त्या गंजलेल्या रेघेच्या कडेपासून पोलादाचे पापुद्रे सुटू लागतात. घरघर तिथूनच येते.

११९४९ हे अगदी सर्रास मिळणारं इंची माप आहे. आतला व्यास पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी, कपचा बाहेरचा ४५.२३७ मिमी. छोट्या ट्रेलरच्या चाकांनाही हेच लागतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात नाना पेठ, कुठल्याही चांगल्या बेरिंगवाल्याला नंबर सांगा. कोन आणि कप दोन्ही घ्या. जुन्या कपात नवा कोन घालू नका. जुन्या कपवरच्या खुणा नव्या रोलरला पहिल्या दिवसापासून मारत राहतात.

दुसरं, बाजारात नकली मालही फिरतो. खोका फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. काही कंपन्यांची खोक्यावरचा कोड तपासायची मोबाइल अ‍ॅप आहेत, दुकानातच तपासून घ्या.

आता स्पिंडल. रॉकेलने किंवा डिझेलने स्वच्छ धुवा आणि बेरिंग बसतं तिथून नख फिरवा. पायरी लागते का? व्हर्नियरने वरून आणि बाजूने अशी दोन मापं घ्या.

आमराईवाला (देवगड)

बाहेरच्या बेरिंगच्या जागी वरून १९.०, बाजूनेही तेवढंच. पायरी लागत नाही, नुसता थोडा काळपटपणा आहे. गॅरेजवाला म्हणतो, कोन जरा सैल फिरतोय, पंचने चार डॉट मारून घट्ट करून देतो. करू का?

स्पॅनर_सातारा

अजिबात नको!!

नाना_फिटर (चिंचवड)

सातारकरांशी शंभर टक्के सहमत. डॉट मारल्यावर कोन चार टोकांवर उभा राहतो. ती टोकं थोड्याच दिवसांत दबतात, कोन तिरका होतो आणि वजन रोलरच्या एकाच कडेवर येतं. अशा बेरिंगला आयुष्य उरत नाही. पुढच्या चाकात कोन स्पिंडलवर हाताने सरकेल असाच बसवलेला असतो, नाहीतर नटाने प्ले जुळवताच आला नसता. सरकणं हा दोष नाही. स्पिंडल खरोखर झिजलं असतं, पायरी लागली असती, निळं पडलं असतं, तर ते बदला म्हणालो असतो. तुमचं ठीक आहे. बारीक पॉलिश पेपरने काळपटपणा काढा, पुसा, पुढे चला.

कप काढायची पद्धत सांगतो. हबच्या आत कपच्या मागे दोन खाचा दिसतील. पितळेचा पंच किंवा जाड पितळी रॉड घ्या, पोलादी छिन्नी नको. एका खाचेत दोन ठोके, मग समोरच्या खाचेत दोन. एकाच बाजूने ठोकत राहिलात तर कप तिरका अडकतो आणि हबचं घर ओरबाडतो.

नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हब उन्हात तापू द्या. देवगडच्या उन्हात ते फुकट होईल. जुन्या कपची बाहेरची कड ग्राइंडरवर जराशी कमी करा, तोच नवा कप ठोकायला वापरा, म्हणजे हातोडी नव्या कपला लागत नाही आणि जुना आत अडकूनही बसत नाही. ठोकताना कान द्या. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज एकदम बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो. तिथे थांबा.

मृणाल_जीए (जॉर्जिया, अमेरिका)

ग्रीसबद्दल मी सांगू का? चाकाच्या बेरिंगसाठी म्हणून विकलं जाणारं लिथियम कॉम्प्लेक्स, २ नंबरचं घ्या. जुनं ग्रीस कुठल्या जातीचं होतं माहीत नसेल तर हब पूर्ण धुवून कोरडा करा. वेगवेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली तर कधी कधी पातळ होऊन वाहून जातात. लिथियम आणि पॉलियुरिया हे त्यातलं एक.

तळहातावर सुपारीएवढा गोळा घ्या. बेरिंगची रुंद बाजू त्याच्यात दाबत ओढा, दाबत ओढा, जोवर वरच्या बारीक बाजूने रोलरच्या मधून ग्रीसचे दोरे बाहेर येत नाहीत तोवर. मग थोडं फिरवून पुढचा भाग. पूर्ण फेरी झाल्याशिवाय थांबू नका. नुसतं वरून फासलेलं ग्रीस रोलरच्या टोकाला पोचत नाही, आणि घासणं तिथेच जास्त असतं.

हबची पोकळी मात्र गच्च भरू नका, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त भरलं तर ते घुसळून गरम होतं आणि सीलमधून बाहेर येतं.

आणि धुतलेलं बेरिंग हवेच्या पाइपने गरगर फिरवून वाळवायची सवय असेल कुणाला, तर कृपा करून सोडा. रोलर धरून ठेवणारी जाळी तुटून रोलर उडतात. डोळा जाऊ शकतो.

नाना_फिटर (चिंचवड)

वा, ताई. यात बदलण्यासारखं काही नाही.

आता जुळवणी. या कामातली सगळ्यात नाजूक पायरी हीच. आतलं बेरिंग आधी, मग सील, स्प्रिंगची बाजू आत, ग्रीसकडे. हब स्पिंडलवर चढवा, बाहेरचं बेरिंग, वॉशर, नट. चाक फिरवत फिरवत नट साधारण २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. फिरवायचं अशासाठी की रोलर आपल्या जागी सरळ बसावेत. मग नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी, पान्याशिवाय, टेकेपर्यंत आणा. पिनचं भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेसाठी नट सैलाच्या बाजूला फिरवा, आवळायच्या बाजूला कधीच नको.

शेवटी बाहेर-आत प्ले ०.०३ ते ०.१३ मिमी राहायला हवा. डायल गेज असेल तर मोजा. नसेल तर चाक धरून हलवल्यावर अगदी पुसटसा टक जाणवावा, पण डोळ्याला हालचाल दिसू नये. लोकांना वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. टेपर रोलरच्या चाकात नट आवळून ठेवला की बेरिंग तापतं, ग्रीस पातळ होतं, रोलरची टोकं जळतात. पाण्याने महिन्यांत मरणारं बेरिंग असं एका दिवसात मरू शकतं.

स्प्लिट पिन नवीनच घाला. आणि टोपी! कुठूनही मिळवा. नाहीच मिळाली तर लेथवाल्याकडून बनवून घ्या, पण टोपीशिवाय गाडी बाहेर काढू नका.

आमराईवाला (देवगड)

काम झालं. बेरिंगं कुरिअरने आली, सील कणकवलीत मापावरून मिळालं. कप बसताना आवाज बदलतो म्हणालात, तो ऐकला, खरंच स्पष्ट कळतो. टोपी लेथवर करून घेतली, ॲल्युमिनियमची. चढावर दोन-तीन फेऱ्या मारून हबला हात लावला तर जेमतेम कोमट. घरघर पूर्ण गेली.

उजवीकडचं एवढं केलंच तर डावीकडचंही खोलून बघितलं. आवाज नव्हता तरी कपवर खुणा आहेत. पण इथे ग्रीस दुधाळ नाही. रोलरच्या अंतराने उथळ चकचकीत खळगे आहेत आणि आजूबाजूला तांबूस भुकटी. नख अडकत नाही, पापुद्रे नाहीत. हे पण पाणीच का?

नाना_फिटर (चिंचवड)

नाही, हे वेगळं. गाडी तुमच्याकडे ट्रकवरून आली होती का?

आमराईवाला (देवगड)

हो, उत्तरेकडच्या एका गोल्फ कोर्सवरून. दोर बांधून आणली, चाकांवर उभी.

नाना_फिटर (चिंचवड)

मग बहुतेक तेच. चाक फिरत नाही, पण ट्रकच्या थरथरीने रोलर एकाच जागी केसभर पुढे-मागे घासत राहतात. ग्रीस तिथून बाजूला सरकतं, नवं आत येत नाही, धातूला धातू लागतो. त्यातून तांबूस भुकटी होते आणि प्रत्येक रोलरखाली खळगा पडतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत नव्याकोऱ्या मोटारी रेल्वेने दूरवर पाठवल्या जात तेव्हा हाच प्रकार झाला होता. एक किलोमीटरही न धावलेल्या गाडीची चाकांची बेरिंगं पोचेपर्यंत खराब. त्यावरूनच लोक याचा अभ्यास करू लागले.

उजवीकडेही हे झालं असेल, पण तिथे गंजाने त्या खुणा खाऊन टाकल्या असतील. आवाज नाही म्हणून डावीकडचं तसंच ठेवू नका. उघडलंच आहे तर नवं घाला.

मृणाल_जीए (जॉर्जिया, अमेरिका)

इथेही सेकंडहँड कार्ट ट्रेलरवरून लांबून आली की आम्ही पुढचे हब एकदा खोलून बघतो, ते याचसाठी. आणि धुण्याचं : बादली आणि ब्रश घ्या. प्रेशर वापरायचाच असेल तर हब, किंगपिन आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या टोकांवर झोत मारू नका. धुतल्यावर एक फेरी मारून मग उभी करा.

कुडाळकर_मोटर्स

उशिरा आलो. मागच्या चाकाचं कुणी बोललं नाही म्हणून विचारतो. आमच्याकडे एका हॉटेलची बग्गी आहे, मागून आवाज. पद्धत हीच का?

स्पॅनर_सातारा

नाही, कुडाळकर. मागे बहुतेक बंद बॉल बेरिंग असतं, शाफ्टवर दाबून बसवलेलं. हब किंवा ड्रम काढा, सर्कलिप (खाचेत बसवलेली अडकवणारी कडी) असेल तर तो काढा, मग अ‍ॅक्सल शाफ्टच बाहेर येतो. बेरिंग शाफ्टवरून प्रेसनेच काढायचं, आणि बसवताना दाब आतल्या कडीवरच द्यायचा, बाहेरच्या कडीवर नाही. बाहेरून दाबलंत तर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेरिंग पहिल्या फेरीपासून आवाज करतं. सोबत डिफरन्शियलच्या तेलाचं सीलही बघा. त्यातून गळत असेल तर तेल ब्रेक शूवर येतं, आणि हॉटेलच्या बग्गीत माणसं बसतात. शूला तेल लागलेलं दिसलं तर शू पुसून घालू नका, बदला. बेरिंगचा नंबर वाचून टाका, पुढचं बघू.